नुसतं इंजिन बदलून भागत नाही!

सबमिशनचे दिवस आले की होस्टेलच्या व्हरांड्यात एक चर्चा हमखास रंगते. कुणाच्या तरी गावी आजोबांची जुनी गाडी गोठ्याशेजारी धूळ खात उभी असते, आणि कुणीतरी ठासून सांगतो, "अरे, त्यात एक दणदणीत नवीन इंजिन टाक, मग बघ!" मागच्या महिन्यात रात्रीच्या राउंडला मी हेच वाक्य पुन्हा ऐकलं. रेक्टर म्हणून "झोपा आता" एवढंच म्हणालो. पण खरं सांगायचं तर एकेकाळी मीही हेच म्हणायचो. ते किती अर्धवट आहे हे मला एका म्हाताऱ्या इंग्रजाच्या गॅरेजमध्ये, जवळजवळ वर्षभराच्या शनिवारांत कळलं. ती हकिकत आणि त्यामागचं इंजिनिअरिंग इथे मांडतो.

२००६ साली मी पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला होतो. घरमालक सत्तरीतले, एकटेच राहायचे. आम्ही भाडेकरू पोरं त्यांना सरळ 'काका' म्हणायचो आणि त्यांनाही ते आवडायचं. त्यांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली १९७२ सालची एमजीबी जीटी होती. ती त्यांच्या पत्नीने स्वतःच्या कमाईतून नवी घेतलेली. बाई गेल्या, गाडी तशीच राहिली. एका हिवाळ्यात रेडिएटरमध्ये अँटिफ्रीझ घालायचं राहून गेलं, पाणी गोठलं आणि इंजिनचा ब्लॉक तडकला. पाणी गोठताना प्रसरण पावतं हे आपण सहावी-सातवीत शिकतो. कास्ट आयर्नला ते असं शिकवावं लागतं!

गाडी कुठली, इंजिन कुठलं

एमजीबी ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. एकूण पाच लाखांवर गाड्या निघाल्या. इंजिन चार सिलिंडरचं, १७९८ सीसी, सुमारे ९५ हॉर्सपॉवर. गिअर चार. मागे अखंड ॲक्सल आणि पाटे, म्हणजे आपल्या जीपसारखी लीफ स्प्रिंग.

हे इंजिन आपल्याला अगदीच परकं नाही. ते बीएमसीच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच घराण्यातलं धाकटं भावंडं. मी पहिल्यांदा काकांच्या गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा मला आमच्या गावच्या टॅक्सी स्टँडची आठवण झाली होती.

काकांनी ठरवलं ते असं, की तडकलेल्या इंजिनाच्या जागी तसंच दुसरं न बसवता रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-एट बसवायचं, आणि त्यासोबत पाच गिअरचा बॉक्स. दोन्ही एका भंगारात निघालेल्या रोव्हर एसडी-वन गाडीतून मिळाले. त्यांच्या मुलाला हे मुळीच पसंत नव्हतं. "आईच्या गाडीची वाट लावू नका," असं तो फोनवर बोलल्याचं काकांनीच मला सांगितलं. मग त्यांनी स्वतःलाच एक अट घालून घेतली : मूळ पत्र्याला शक्यतो कात्री लावायची नाही. पुढे कुणाला वाटलं तर जुन्या जातीचं इंजिन परत बसवता आलं पाहिजे. ही एक अट नसती तर सगळं काम निम्म्या वेळात झालं असतं.

व्ही-एटच का?

हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीचं, १९६१ ते १९६३ या तीन वर्षांतलं. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. ब्यूकने ते सोडून दिलं आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. पुढे रेंज रोव्हरपासून कितीतरी गाड्यांत ते चाललं. ॲल्युमिनियममुळे झालं काय, की जवळजवळ दुप्पट सीसीचं हे आठ सिलिंडरचं इंजिन वजनाला एमजीबीच्या चार सिलिंडरच्या कास्ट आयर्न इंजिनाएवढंच भरतं! इथे खरी मेख आहे. पुढच्या चाकांवरचा भार वाढला नाही, तर स्टीअरिंग, स्प्रिंग, गाडीचा तोल हे सगळं बरंचसं मूळच्यासारखं राहतं. एमजीनेच १९६७ मध्ये याच बॉडीत वजनदार सहा सिलिंडर इंजिन घालून 'एमजीसी' काढली होती. नाक जड झाल्याची तक्रार तिच्या वाट्याला लगेच आली.

केन कॉस्टेलो नावाच्या इंग्लिश रेसिंग ड्रायव्हरने १९७० च्या सुमारास एमजीबीत हे व्ही-एट बसवून अशा गाड्या विकायलाही सुरुवात केली. ब्रिटिश लेलँडने त्याची गाडी मागवून तपासली आणि १९७३ मध्ये कारखान्यानेच 'एमजीबी जीटी व्ही-एट' काढली. १९७६ पर्यंत तशा २५९१ गाड्या बनल्या. म्हणजे काकांची कल्पना वेडगळ नव्हती, आधी सिद्ध झालेली होती. तरीही ती सोपी नव्हती!

पहिला प्रश्न : मावेल का?

कागदावर सगळं मावतं. प्रत्यक्षात व्ही-एट रुंद असतं. दोन्ही बाजूंना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, उजवीकडे स्टीअरिंगचा दांडा, मागे फायरवॉल, खाली क्रॉसमेंबर, वर बॉनेट. अशा पाच भिंतींच्या खोलीत कपाट ढकलायचं.

आम्ही आधी रिकामा ब्लॉक, म्हणजे आत क्रँक-पिस्टन काही नाही असा, गिअरबॉक्सला जोडून चेन-पुलीने वरून सोडला. सात वेळा आत घातला, सात वेळा बाहेर काढला. फटी मोजायला माझी एक युक्ती कामी आली. मी रात्रीच्या पोळ्यांची उरलेली कणीक घेऊन आलो. संपच्या खाली, मॅनिफोल्डच्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या डोक्यावर कणकेचे गोळे लावायचे, इंजिन जागेवर टेकवायचं, बॉनेट हलकेच मिटायचं आणि परत उघडून चपटलेल्या गोळ्याची जाडी मोजायची. काका हसले, पण नंतर स्वतःच विचारायला लागले, "आज पीठ मळलंस का?"

कणकेने दोन गोष्टी सांगितल्या. एक, एसडी-वनचे कार्ब्युरेटर ठेवले तर बॉनेट मिटत नाही. कॉस्टेलोने यासाठी बॉनेटला फुगवटा दिला होता. कारखान्याने मात्र इनलेट मॅनिफोल्ड बदलून दोन्ही कार्ब्युरेटर मागे, फायरवॉलच्या बाजूला नेले आणि बॉनेट सपाट ठेवलं. काकांनी कारखान्याची पद्धत घेतली.

दोन, एक्झॉस्ट. इथे दोन रस्ते होते. लांब नळ्यांचे मॅनिफोल्ड चाकावरच्या आतल्या पत्र्याला भोक पाडून बाहेर काढायचे, म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेतं आणि इंजिनच्या खोलीत उष्णताही कमी राहते. किंवा आखूड ओतीव मॅनिफोल्ड इंजिनला चिकटून खाली वळवायचे, म्हणजे पत्रा वाचतो, पण थोडी ताकद जाते आणि उष्णता आतच कोंडते. अट आठवली, आणि काकांनी दुसरा रस्ता घेतला. मात्र इंजिनच्या माउंटिंगसाठी दोन्ही बाजूंच्या रेल्सवर नवीन ब्रॅकेट वेल्ड करावेच लागले. एमजीबीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. त्यामुळे कुठला पत्रा भार वाहतो आणि कुठला नुसता झाकण आहे, हे कळल्याशिवाय ग्राइंडर चालू करायचा नाही, हा धडा मी तिथे घेतला. ब्रॅकेट जोडलं तर भार वाटला जातो, रेल कापली तर तो तुटतो.

गिअरबॉक्स : इथे गणित सुरू होतं

"जुनाच गिअरबॉक्स ठेवला तर?" मी विचारलं होतं. उत्तर टॉर्कमध्ये आहे. मूळ इंजिनचा टॉर्क सुमारे १५० न्यूटन-मीटर. व्ही-एटचा सुमारे २७०. गिअरचे दात, शाफ्ट आणि बेअरिंग हे टॉर्कवर ठरतात, हॉर्सपॉवरवर नाही. जवळजवळ दुप्पट भार देऊन जुना बॉक्स काही दिवस चालेल, मग एक दिवस चालणार नाही. एसडी-वनचा पाच गिअरचा एलटी-सेव्हन्टीसेव्हन बॉक्स याच इंजिनसोबत आलेला होता, म्हणून बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच सगळं एकमेकांचं सख्खं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून घ्यावा म्हणतात तो यासाठीच. वेगवेगळ्या घरचे आणले तर मध्ये ॲडॉप्टर प्लेट लागते, आणि क्रँकची रेषा व गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची रेषा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी जरी चुकली तरी क्लच आणि बेअरिंग लवकर जातात.

१९७२ च्या गाडीचा टनेल, म्हणजे दोन सीटमधला बोगदा, आधीच्या गाड्यांपेक्षा रुंद आहे. तरीही दोन ठिकाणी हातोड्याने पत्रा थोडा आत घ्यावा लागला. मागचा गिअरबॉक्सचा आधार नव्याने बनवला. गिअरचा दांडा मूळ भोकातूनच वर यावा म्हणून त्याचा जोड थोडा आखूड केला.

क्लचने मात्र आम्हाला रडवलं. पेडल दाबलं तरी क्लच पूर्ण सुटेना. कारण साधं होतं : मास्टर सिलिंडर एमजीबीचा, स्लेव्ह सिलिंडर रोव्हरचा. हायड्रॉलिक्समध्ये तेलाचं आकारमान तेवढंच राहतं, म्हणून स्लेव्हचा व्यास मास्टरच्या प्रमाणात २० टक्क्यांनी जास्त ठेवला तर त्याची हालचाल १ भागिले १.४४, म्हणजे ६९ टक्क्यांवर येते. व्यासाचा वर्ग असतो ना! जोडी जुळवल्यावर पेडल सरळ आलं. पास्कलचा नियम मी परीक्षेत तीन वेळा लिहिला होता, पण गुडघ्यावर बसून तेव्हा पहिल्यांदा कळला.

प्रोपेलर शाफ्ट आणि आपला टीओएम

नवा बॉक्स वेगळ्या लांबीचा, म्हणून प्रोपेलर शाफ्टही नवीन. मी गाडी स्टँडवर असतानाच माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि ऐटीत शाफ्ट बनवणाऱ्या मिस्त्रीकडे नेलं. त्याने एकच प्रश्न विचारला, "चाकांवर वजन होतं का?" नव्हतं. बॉडी उचलली की मागचा ॲक्सल पाट्यांवरून लोंबतो, जागेवरून सरकतो आणि पिनियनचा कोनही बदलतो. परत आलो, गाडी जमिनीवर ठेवली, सीटवर दोघे बसवले आणि पुन्हा मोजलं. दहा-बारा मिलिमीटरचा फरक! तसाच शाफ्ट बनवला असता तर पैसे तर गेलेच असते, पण खड्ड्यात एखाद्या दिवशी गिअरबॉक्सच्या शेपटीवरही आघात झाला असता. तो मिस्त्री मला कुठल्याही प्रोफेसरइतकाच लक्षात आहे.

दुसरा भाग कोनाचा. हूक्स जॉइंट थिअरी ऑफ मशीन्समध्ये सगळ्यांना असतो. आत येणारा वेग स्थिर असला तरी बाहेर जाणारा वेग एका फेरीत दोनदा वरखाली होतो, कॉस बीटापासून १ भागिले कॉस बीटापर्यंत. कोन ५ अंश असेल तर हा एकूण चढउतार पाऊण टक्का, १० अंश असेल तर तीन टक्क्यांवर जातो. दोन जॉइंट असतात ते पहिल्याची चूक दुसऱ्याने भरून काढावी म्हणून. पण त्यासाठी गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची रेषा समांतर हवी, आणि दोन्ही योक एका पातळीत हवेत. नाहीतर ठराविक वेगाला अख्खी गाडी गुणगुणायला लागते आणि माणूस टायर बॅलन्स करत बसतो. म्हणून इंजिनचं माउंटिंग कायमचं वेल्ड करण्याआधी आम्ही ओळंबा आणि कोनमापक घेऊन दोन शनिवार घालवले.

मागचा ॲक्सल

मूळ एमजीबीचं ॲक्सल गुणोत्तर ३.९०९. मूळ इंजिन, पहिला गिअर सुमारे ३.४४ आणि हा ॲक्सल मिळून मागच्या चाकांवर साधारण २००० न्यूटन-मीटर जातात. व्ही-एट आणि नवा बॉक्स (पहिला गिअर ३.३२) तोच ॲक्सल ठेवून लावला तर ३५०० होतात. एवढा टॉर्क त्या बारीक टायरना जमिनीत उतरवता येत नाही. चाकं जागेवर फिरतात आणि पाटे पिळवटून ॲक्सल उड्या मारतो. कारखान्याने व्ही-एटला ३.०७ चा ॲक्सल दिला होता. तो लावला की आकडा २७५० वर येतो.

फायदा दुसऱ्या टोकालाही होतो. त्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर धरा. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला जवळपास ८७७ फेऱ्या मारतं. जुन्या गाडीत चौथ्या गिअरला इंजिन ३४३० आरपीएमवर ओरडत असतं. नव्या जोडीत पाचव्या गिअरला (सुमारे ०.८३) आणि ३.०७ च्या ॲक्सलला तेच इंजिन २२३५ आरपीएमवर निवांत चालतं. व्ही-एट बसवायचं खरं सुख मला विचाराल तर ते हे आहे. गाडी पळते हे ठीक, पण ती दमत नाही.

थांबायचं कसं?

मूळ एमजीबी ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास जायची, कारखान्याची व्ही-एट २०० च्या. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर असते. २०० भागिले १६५, त्याचा वर्ग, उत्तर १.४७. म्हणजे ब्रेकला जवळजवळ दीडपट उष्णता पचवायची. म्हणून पुढच्या डिस्क जाड घेतल्या, कॅलिपर मोठे घेतले, जुने होज सगळे फेकले. हे काम काकांनी इंजिन पहिल्यांदा चालू करायच्या आधी संपवलं. मला घाई झाली होती. मी म्हणालो, "निदान एकदा स्टार्टर तरी मारू." ते म्हणाले, "आवाज ऐकलास की तुला ब्रेकचं काम कंटाळवाणं वाटेल. म्हणून आधी ब्रेक."

हीच गोष्ट पाण्याची. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात जातो. ताकद वाढली की उष्णताही वाढली. मोठा रेडिएटर पुढे सरकवला आणि इंजिनवरचा पंखा काढून दोन विजेचे पंखे लावले. मग वायरिंग, मग अल्टरनेटर, मग स्पीडोमीटर, कारण ॲक्सल आणि बॉक्स बदलल्यावर जुना काटा चक्क खोटं बोलतो. तिकडे इंजिनचा नंबर आणि सीसी बदलल्याचं नोंदणी खात्याला आणि विमा कंपनीला कळवावं लागतं, तेही त्यांनी केलं.

आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडे हा प्रयोग कारखान्यांनीच केला. मुंबईच्या प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या जुन्या बॉडीत निसानचं इंजिन घातलं आणि गाडीचं नावच '११८ एनई' ठेवलं. एनई म्हणजे निसान इंजिन. ॲम्बेसेडरला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले, आणि तीच म्हातारी घाट चढताना ओळखू येईना.

उलटं उदाहरणही आहे. ज्या एसडी-वनमधून काकांचं व्ही-एट आलं, तीच गाडी १९८५ मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 'स्टँडर्ड २०००' म्हणून आणली. बॉडी देखणी, आधुनिक. पण आत इंजिन स्टँडर्डच्याच जुन्या व्हँगार्ड गाडीच्या घराण्यातलं, १९९१ सीसीचं. नव्या अंगाला जुनं काळीज! १९८८ पर्यंत तिचा खेळ आटोपला. म्हणजे जुळणी कुठल्याही बाजूने चुकली तरी चुकतेच.

आणि मित्रांनो, एक सूचना रेक्टर म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनानेच करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा आजोबांच्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. आधी सुटे भाग आणून मग विचारू नका.

शेवटचा शनिवार

२००७ च्या शरदात गाडी बाहेर निघाली. मुलगाही आला होता, हाताची घडी घालून फाटकापाशी उभा. काकांनी इंजिन चालू केलं. तो खोल, संथ आवाज अजून कानात आहे. मी शेजारी बसलो, सीटची कड घट्ट धरून. वाटलं, आता गल्लीतून बाण सुटणार.

काकांनी पहिल्या गिअरमध्ये गाडी पन्नास पावलं नेली आणि ब्रेक मारला. परत पन्नास पावलं, परत ब्रेक. मग तिसऱ्यांदा. खाली उतरून चारी चाकांशी वाकून पाहिलं, हाताने डिस्कची धग पाहिली. मग मुलाकडे वळून त्यांनी गॅरेजच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे जुना तडकलेला ब्लॉक, मूळ माउंटिंग, मूळ गिअरबॉक्स सगळं तेल लावून, चिठ्ठ्या बांधून फळीवर ठेवलेलं होतं. "तुला नको वाटलं तर परत बसव," ते म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. मी उतरलो आणि माझ्या जागेवर तो बसला.

तर व्हरांड्यातल्या मंडळींनो, इंजिन जरूर बदला. पण वर्कशॉपमध्ये माझ्याकडे याल तेव्हा हॉर्सपॉवरचा आकडा घेऊन येऊ नका. पुठ्ठा, ओळंबा आणि ब्रेकचं गणित घेऊन या. मेसमधून कणीक आणायची जबाबदारी माझी.